तीन फुटांचा समुद्र

सांगलीत समुद्र नाही. हे मला माहीत आहे, मी इथंच वाढलो. तरी त्या आठ-नऊ महिन्यांत जो भेटेल तो मला हेच सांगायचा. कुपवाडच्या चहाच्या गाड्यावर सांगायचे, मेव्हणा साताऱ्यावरून फोन करून सांगायचा, बायको तर भांडी घासताना मला ऐकू जाईल इतक्या आवाजात भिंतीला सांगायची. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "म्हणून तर आणतोय." आणि मग स्वतःच्याच उत्तरावर चिडायचो, कारण समुद्र काही येत नव्हता.

कुपवाडला माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि मी. पितळेची बुशं वळून देतो. माझा स्वभाव तापट आहे. घरातलं मांजरसुद्धा माझ्या गाडीचा आवाज ओळखून खुर्चीवरून उतरतं, यावरून काय ते समजा.

हे सगळं सुरू झालं ते आण्णांमुळं. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आष्ट्याजवळ गावी ऊस लावून राहिले. आई गेल्यावरही तिथंच एकटे. दसऱ्याच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. वाचले, पण उजवी बाजू गेली. मी त्यांना सांगलीला घेऊन आलो. पाय हळूहळू काठीच्या आधारानं यायला लागला. बोलणंही शाबूत होतं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवलेला. संध्याकाळी बघावं तर सकाळी होता तिथंच.

व्यायाम करून घ्यायला मिरजेहून एक बाई यायच्या. त्यांनी आण्णांना दाबायला रबरी चेंडू दिला. आण्णांनी तो डाव्या हातानं उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "खेळायचं वय न्हाई माजं." पुढं तेही बोलणं बंद झालं. हूं आणि उंहूं, एवढंच. एक दिवस बाई मला दारापर्यंत घेऊन गेल्या आणि स्पष्ट सांगितलं. हाताला औषध नाही, वापर हेच औषध. उन्हाळा संपेपर्यंत हात कामाला लागला नाही तर तो कायमचा आखडेल. "चेंडू ते दाबणार नाहीत," त्या म्हणाल्या. "हातानं करावंसं वाटेल असं काहीतरी त्यांना द्या."

आता सुभेदाराला काय द्यायचं? मी शेंगा सोलायला दिल्या. डाव्या हातानं आणि दातानं सोलल्या. पत्ते दिले, बघितलेसुद्धा नाहीत. मग दिवाळीनंतर एका दुपारी बायको मोबाईलवर काहीबाही बघत बसली होती. समुद्राच्या तळाचा व्हिडिओ लागला. आण्णा खुर्चीतून पुढं झुकले.

"अंदमानात आसंच हुतं," ते म्हणाले.

बायकोनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. एवढं मोठं वाक्य दोन महिन्यांत निघालं नव्हतं. मग तेच सांगायला लागले. दोन वर्षं तिकडं पोस्टिंग होतं. रविवारी होडीतनं जायचे. पाणी काचेसारखं, खाली बघावं तर पोवळ्याचं रानच्या रान. "लोक अंगठीत घालत्यात ते मेल्यालं. ते जित्तं हुतं. सावली पडली तरी मिटायचं. फ्लावरच्या गड्ड्याएवढं एकेक." आणि गड्डा दाखवताना दोन्ही हात उचलायला गेले. डावा उठला. उजव्याचा खांदा नुसता हलला.

तो खांदा हललेला मी बघितला आणि तिथंच ठरवलं.

कोल्हापुरात शोभेच्या माशांचं एक दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदार सज्जन माणूस, पण त्यानं कागदावर जो आकडा लिहिला त्यात माझ्या वर्कशॉपची एक लेथ आली असती. काच, लाइट, लाटा करायचा पंप, फेस काढायचं यंत्र, पाणी गार करायचं यंत्र, खास मीठ, खास दगड. कारागिराला दुकानदारानं किंमत सांगितली की त्याचं डोकं फिरतं. मी म्हणालो, "ह्यातलं निम्मं मी घरात करतो." तो हसला. म्हणाला, "करा की. पण पाव्हणं, गोड्या पाण्यात चूक झाली तर मासा मरतो. खाऱ्यात चूक झाली तर काय मेलं आणि का मेलं, हे कळायलाच महिना जातो." तेव्हा मला वाटलं, विकायची भाषा आहे.

स्टँड मी स्वतः वेल्डिंग करून केला. तीन फुटांची टाकी काचवाल्याकडून चिकटवून घेतली, ती पहिल्या रात्रीत गळली. पुन्हा चिकटवली, पुन्हा गळली. काचवाला म्हणाला, तुमची फरशी वाकडी. फरशीवर मी लेव्हल लावून दाखवली, तर म्हणाला, मग तुमची लेव्हल वाकडी. तिसऱ्यांदा मी स्वतः बसून सांधे भरले. तेव्हा कुठं पाणी थांबलं.

पोवळ्याचे खरे दगड समुद्रातून आणायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सिमेंट, जाड वाळू आणि खडे मीठ कालवून मी दगड ओतले. पाण्यात ठेवले की मीठ विरघळतं आणि दगडाला भोकं पडतात. कल्पना झकास होती. पण सिमेंटचा चुना निघून जायला ते दगड दीड महिना पाण्यात मुरवावे लागले, रोज पाणी बदलून. न्हाणीघरातली दोन पिंपं त्यातच अडकली. बायको कोरेगावकडची. तिकडं पाण्याची किंमत आईच्या दुधासारखी. ती रोज ते ओतलेलं पाणी बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मिठाचा खर्च वाचवायला मी आणखी एक शहाणपणा केला. मिरजेच्या बाजारात रत्नागिरीची मासळी आणणारा एक टेंपोवाला माझा दोस्त आहे. त्याला म्हटलं, येताना दहा कॅन समुद्राचं पाणी भरून आण. त्यानं आणलं. बिचाऱ्यानं भाडंही घेतलं नाही. कॅन उघडले तर पाण्यावर तेलाचा तवंग. गोडेतेलाचे कॅन गड्यानं न धुता भरले होते.

"तेलच हाय की गड्या, इख न्हाई," तो म्हणाला. "माशाला तेलच लागतंय."

"तळताना लागतंय, मर्दा."

दहाच्या दहा कॅन मी रागानं परड्यात ओतले. आठ दिवसांत बायकोचा कढीपत्ता वाळला. चार वर्षांचं झाड. त्या दिवशी मात्र ती बोलली. म्हणाली, "आवं, समुद्र आणायचाय त्यो आणा, पर घराचं रान करू नका." तिच्याशी भांडायला माझ्याकडं एकही मुद्दा नव्हता, म्हणून मी जास्तच मोठ्यानं भांडलो.

शेवटी मीठ विकत आणलं. ते किती कालवायचं हे मोजायचं यंत्रही महाग. म्हणून साखर कारखान्यातल्या एका ओळखीच्याकडून उसाचा गोडवा मोजायची नळी आणली. तिच्यावर थेंब टाकायचा आणि डोळा लावून आकडा बघायचा. आकडा दिसला, पण तो साखरेचा. मी आपला त्याच हिशोबानं मीठ ओततोय. कोल्हापूरवाल्याला नमुना दाखवला तर त्यानं जिभेला बोट लावलं आणि म्हणाला, "ह्यात लोणचं मुरेल, मासा न्हाई." निम्मं पाणी फेकावं लागलं. परड्यात नव्हे, गटारीत.

हे सगळं चाललेलं असताना आण्णा टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. काठी डाव्या हातात, उजवा मांडीवर. माझे हाल बघून त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायचं. ते हसू आहे का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी हो म्हटलं असतं तर मी टाकी फोडली असती.

शिवरात्रीला पाणी भरून झालं. दगड मांडले, पंप लावला, पाणी फिरायला लागलं. आता मासे आणायचे, तर दुकानदार म्हणतो, थांबा. पाणी पिकायला पाहिजे. महिनाभर नुसतं फिरू द्या. मी म्हणालो, पिकायला ते काय हापूस आहे? पण थांबलो. महिनाभर आमच्या पुढच्या खोलीत लाइटाखाली सिमेंटचे दगड होते आणि त्यांच्याभोवती पाणी फिरत होतं. शेजारचे येऊन बघायचे. एकानं विचारलं, "दगुड पाळलाय व्हय रं?" दुसरा म्हणाला, "किती दूध देतोय?" मी त्यांना चहा न देता घालवलं.

पाडव्याला मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन. सहा गोगलगायी आणि एक लाल झिंगा, हे शेवाळ साफ करायला. आणि पोवळं. दुकानदारानं स्वतःच्या टाकीत वाढवलेले मऊ जातीचे तीन तुकडे, प्रत्येक रुपयाच्या नाण्याएवढा. पहिले दोन दिवस ते मिटलेलेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो आणि आण्णांनी हाक मारली. "आरं ये हिकडं. उघडलंय."

एकाची बोटं बाहेर आली होती, हिरवट, पाण्याबरोबर हलणारी. आण्णांनी काचेवर डाव्या हाताची सावली धरली. ते आक्रसलं. सावली काढली. पुन्हा उघडलं. "व्हय, हेच," ते म्हणाले. "ह्येच ते." मी तोंड फिरवून पंप नीट आहे का ते बघितलं. नीटच होता.

आता त्यांना काम द्यायची वेळ होती, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. उन्हाळा वाढला होता. गार करायचं यंत्र परवडलं नाही, म्हणून मी टाकीवर तीन लहान पंखे बसवले होते. पंख्यांनी पाणी गार राहायचं, पण रोज तीन लिटर उडून जायचं. मीठ उडत नाही, पाणी उडतं. म्हणून रोज सकाळी घरातल्या फिल्टरचं तीन लिटर गोडं पाणी वरून घालायचं, काचेवर मारलेल्या खुणेपर्यंत. मी आण्णांना पांढरा प्लॅस्टिकचा मग आणून दिला आणि समजावून सांगायला लागलो.

"मिठागरं बघितल्यात मी," ते म्हणाले. "शिकवू नगंस."

मी म्हटलं, उजव्या हातानं घाला. जमंल तसं, सांडलं तरी चालंल. ते हूं म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून पाणी खुणेपर्यंत यायला लागलं. आण्णा फौजी माणूस, सूर्य उगवताना अंघोळ उरकून पाणी घालणार. मी त्या वेळी वर्कशॉपला जायच्या घाईत, नाहीतर सुट्टी असली तर अंथरुणात. कामावरून आलो की आधी खूण बघायचो. खूण बरोबर असायची. मी खूश.

पुरते पंधरा दिवस खूश होतो.

मग पहिली गोगलगाय उताणी पडली. मी म्हटलं, एखादी मरायचीच. चार दिवसांत आणखी दोन. झिंगा एका सकाळी दगडामागं पडलेला सापडला, पांढरा होऊन. पोवळं उघडायचं कमी झालं. आधी दुपारपर्यंत मिटलेलं, मग दिवसभर. मासे मात्र ठणठणीत. हे मला समजेना. पाणी वाईट असेल तर आधी मासे मरायला पाहिजेत.

त्या दीड महिन्यात मी कुणाकुणाला दोष दिला नाही? विजेला दिला, कारण उन्हाळ्यात ती दुपारी जायची. बॅटरीवरचा हवेचा पंप आणला. काचवाल्याला दिला, त्यानं कुठला तरी वाईट गोंद लावला म्हणून. पण शेवटी सांधे मीच भरले होते, म्हणून तो आरोप मागं घ्यावा लागला. बायकोची मावशी साताऱ्याहून आली होती. देवाचं पाणी समजून तिनं टाकीत नाणं टाकलं होतं. ते मी चिमट्यानं काढलं आणि आठ दिवस त्या म्हातारीचा उद्धार केला. कोल्हापूरवाल्याला फोनवर म्हणालो, तुम्ही आजारी माल दिला. तो शांतपणे म्हणाला, "घरात कुठं तांबं-पितळ पाण्याला लागतंय का बघा. मासा सोसतो, पण पोवळं, गोगलगाय, झिंगा ह्यांना तांबं म्हणजे इख."

मी फोन ठेवून स्वतःच्या बाह्या बघितल्या. मी दिवसभर पितळ कापणारा माणूस. पितळ म्हणजे तांबंच की. माझ्या बाह्यांत, नखांत, केसांत पितळेची भुकटी. म्हणजे मीच आणलं. त्या दिवसापासून मी टाकीला हात लावणं बंद केलं. काच पुसणं, खाणं घालणं, सगळं आण्णांवर सोपवलं. लांबून बघायचो. घरात शिरायच्या आधी परड्यात साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचो. दोन गोगलगायी आणखी गेल्या. पोवळ्याचा एक तुकडा काळा पडून विरघळला.

शेवटी जूनच्या तोंडावर मी कोल्हापूरला जाऊन तांबं तपासायची बाटली आणली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग सोबतच्या पुठ्ठ्यावरच्या चौकोनांशी ताडून बघायचा. दुपारची वेळ. आण्णा खुर्चीत, बायको तांदूळ निवडत बसलेली. रंग चढत गेला. पुठ्ठ्यावरच्या शेवटच्या चौकोनाएवढा गडद. मी तर महिनाभर हात लावला नव्हता.

मी बायकोला विचारलं, "ह्यात पाणी कुठलं जातं?"

"फिल्टरचं," ती म्हणाली. "रोज सांजंला मीच भरून ठेवते."

"कशात?"

तिनं खोलीच्या कोपऱ्याकडं बघितलं. कोपऱ्यात तांब्याची कळशी होती. गावाकडची, आण्णांची. वर ताटली, ताटलीवर तांब्याचाच गडू. ती कळशी घरात आहे हे मला माहीत होतं. आण्णा आल्यापासून मी तिला वळसा घालून ये-जा करत होतो. आमच्याकडं रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे कुणाला सांगावं लागत नाही. आण्णा आयुष्यभर सकाळी तेच पाणी प्यायले आणि तेच सूर्याला दिलं. फिल्टरचं पाणी त्यांच्या मते मेलेलं. ते जिवंत जिवाला तसंच कसं घालायचं? म्हणून त्यांनी सुनेला सांगून ते रात्रभर तांब्यात ठेवलं होतं. प्लॅस्टिकचा मग खिडकीत होता, रबरी चेंडूच्या शेजारी.

मी जे बोललो ते आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ओरडलो. आठ महिने म्हणालो. रक्त आटवलं म्हणालो. आणि वडिलांकडं बोट करून म्हणालो, "रोज सकाळी उठून तुमी इख घालत हुता आण्णा, इख. मला एका शब्दानं इचारलं न्हाई." बायकोनं मध्ये काही म्हणायचा प्रयत्न केला, तिलाही गप्प केलं. आण्णांनी टाकीकडंही बघितलं नाही. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला, बस्स.

मी परड्यात जाऊन वाळलेल्या कढीपत्त्याजवळ उभा राहिलो. थोड्या वेळानं बायको आली. ती रडली नव्हती, चिडली होती, आणि ती चिडली की हळू बोलते.

"गडू कुठल्या हातानं धरत्यात मामंजी, हाय ठाऊक?"

मी कढीपत्त्याची एक वाळकी काटकी मोडली.

"पहिले धा दिवस डावा हात खाली धरून उजव्यानं वतायचं. निम्मं फरशीवर. मी पुसून काढायची, तुमाला कळू नये म्हणून. त्येनीच सांगितलं हुतं, आधी जमू दे मग त्याला दावू. आता नुसत्या उजव्यानं भरल्याला गडू उचलत्यात. सा-सात गडू, रोज. मगाला कान पातळ, हातात बसत न्हाई त्यांच्या. गडूची मान बसते."

"मला कोण बोललं न्हाई," मी म्हणालो.

"तुमी घरात आला की आधी खूण बघायचा. माणूस कवा बघितला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम थांबलो. आण्णांनी अंघोळ केली, खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. पाणी खुणेच्या खाली गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी खाली. बायकोनं मगात पाणी भरून समोर धरलं, त्यांनी मान हलवली. खाण्याची डबी उघडेनात. मी दोनदा माफी मागितली, म्हणजे माझ्या पद्धतीनं, दाराशी उभं राहून, चूक झाली असं पुटपुटत. त्यांनी हूं केलं. आठवड्यानं व्यायामाच्या बाई आल्या. बोटं हातात घेऊन बघितली आणि मला विचारलं, "मागच्या वेळी मूठ पूर्ण मिटत होती. मध्ये काय झालं?"

त्यांना काय सांगणार होतो? घरातला समुद्र खराब झाला म्हणून मी बापाचा हात पुन्हा मांडीवर ठेवला, असं? मी म्हणालो, जरा दुर्लक्ष झालं.

तोवर पोवळ्याचे उरलेले दोन तुकडेही गेले होते. मी ते काढून टाकले. शेवटची गोगलगाय काढली. टाकीत आता सिमेंटचे दगड आणि पट्टेवाले दोन केशरी मासे. मी कोल्हापूरवाल्याला फोन केला. म्हणालो, नुसते मासे ठेवायचे आणि वरनं तांब्यातलंच पाणी घालायचं, तर? त्याला वाटलं असेल, ह्याचं डोकं गेलं. मग म्हणाला, थोडं तांबं मासा सोसेल, पण ते साठत जाणार. दर आठवड्याला निम्मं पाणी काढून नवं कालवून घालावं लागेल. "मीठ लय जाईल," तो म्हणाला. "मग टाकून द्या की ती कळशी. सोपं हाय."

सोपं होतं. स्टीलची कळशी आणता आली असती. बायकोनं आणलीही होती. आण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. ते स्टील नको म्हणून नव्हतं. आपल्या हातानं पुन्हा काही मरेल, ही त्यांची भीती होती, आणि ती मी घातली होती. त्याच कळशीच्या पाण्यानं काही मरत नाही हे दिसलं तरच ती जाणार होती.

म्हणून त्या सकाळी मी वर्कशॉपला गेलोच नाही. परड्यात तांब्याची कळशी चिंच लावून घासली, फिल्टरचं पाणी भरलं, आणून टाकीजवळच्या स्टुलावर ठेवली. गडू वर ठेवला. आण्णा बघत होते.

"पाणी खाली गेलंय आण्णा," मी म्हणालो.

"मरत्यात रं ती."

"मरायचं ते मेलं. माशाला काय हुत न्हाई तांब्यानं. इचारलंय मी."

"आन पवळं?"

"पवळं नगं आता."

त्यांनी टाकीतल्या दगडांकडं बघितलं. मग म्हणाले, "तू एवढा राबलास." मी म्हणालो, तुमच्यासाठीच केलं होतं, तुम्हाला पुन्हा बघायला मिळावं म्हणून. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेतलं पोर झालो.

"मी बघितल्यालंच हाय की रं," ते म्हणाले. "तुज्या आईला दावतो म्हणलो हुतो, ऱ्हायलं. म्हणलं, तुला तरी दावू."

मी नुसता गडू भरला आणि त्यांच्या उजव्या हाताजवळ धरला. बोटं लगेच मिटली नाहीत. एकेक करून गडूच्या मानेभोवती आली, अंगठा सगळ्यात शेवटी. मी हात सोडला. गडू थरथरत काचेच्या काठापर्यंत गेला. थोडं पाणी फरशीवर सांडलं, बाकीचं आत पडलं, आणि दोन्ही मासे खाणं मिळणार म्हणून वर आले.

आता दर रविवारी मी निम्मं पाणी काढतो, खास मीठ कालवतो, ते अंगावर सांडतं, पाठ धरते, आणि मी त्या कळशीला, दुकानदाराला, समुद्राला मनात येतील त्या शिव्या देतो. आण्णा खुर्चीतून सूचना करतात. काल म्हणाले, मीठ नीट हालीव, बुडाला बसलंय. मी म्हणालो, मग तुमीच हलवा. ते उठले, काठी भिंतीला टेकवली आणि उजव्या हातानं माझ्या हातातली लाकडी पळी घेतली.